मद्रास ते हिंगणघाट : एका मोजणीची वाट

धारवाडहून बेळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बेलूर नावाचे गाव आहे. अलीकडच्या काळात या गावाचे नाव तेथील औद्योगिक वसाहतीमुळे लोकांच्या कानी पडते. परंतु कारखान्यांच्या आधी येथे शेते होती आणि आजही भोवताली शेते आहेतच. शेत विकावयाचे असो, भावाभावांत वाटावयाचे असो अथवा कारखान्यासाठी द्यावयाचे असो, पहिला प्रश्न निघतो तो गुंठ्यांचा. किती एकर, किती गुंठे? गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद अशी जमीन. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर भरतो. या तेहतीस फुटांच्या मुळाशी एक साखळी आहे. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत वापरली जाणारी साखळी तेहतीस फुटांची असे आणि तिचे सोळा भाग पाडलेले असत. या भागांना आणे म्हणत. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हा बेलूरच्या शेतकऱ्याचा आणि इंदापूरच्या शेतकऱ्याचा बांध एकाच मापाने मोजला गेला, यात नवल नाही.

या साखळीने शेताची लांबीरुंदी कळते. परंतु ते शेत ज्या गावात आहे ते गाव पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहे, हे मात्र तिच्याने सांगवत नाही. दहा शेते एकापुढे एक मोजीत गेले तर दहा चुका एकत्र होतात. हजार शेते मोजली तर गावाचे गाव नकाशावर सरकते. म्हणून गावोगावच्या मोजणीला आधार देणारी दुसरी, अधिक कठोर मोजणी लागते. तीत शेत मोजावयाचे नसते. पृथ्वीच मोजावयाची असते. हिंदुस्थानात अशा मोजणीचा आरंभ मद्रासेजवळ १८०२ साली झाला, आणि ती सुरू करणारा मनुष्य एकवीस वर्षे दक्षिणेच्या खेड्यापाड्यांतून हिंडून अखेर आपल्या वऱ्हाडाशेजारच्या हिंगणघाट गावी मरण पावला. त्याचे नाव विल्यम लॅम्ब्टन. त्याच्या वाटेने आज कोणी पुन्हा निघेल, तर त्याला काय दिसेल आणि काय समजेल, याचा विचार करण्यासारखा आहे.

लॅम्ब्टन यॉर्कशायरमधील एका साध्या शेतकरी घरातला. सैन्यात शिरून तो अमेरिकेत गेला, तेथे अनेक वर्षे राहिला आणि गणित व खगोल या विषयांचा अभ्यास त्याने बहुतांशी आपल्याआपणच केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची तेहतिसावी पलटण हिंदुस्थानात आली. या पलटणीचा अधिकारी आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून गाजलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन होय. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री जनरल बेअर्ड याची तुकडी अंधारात दिशा चुकली आणि शत्रूच्याच रोखाने चालू लागली. लॅम्ब्टनने आकाशातील तारे पाहून ही चूक दाखवून दिली, अशी आठवण सांगितली जाते. ज्याला ताऱ्यांवरून वाट कळते, त्यालाच पुढे ताऱ्यांवरून देश मोजण्याचे काम मिळावे, हे उचितच झाले.

टिपू सुलतान पडल्यावर म्हैसूरच्या प्रदेशात इंग्रजांनी एकाच सुमारास तीन माणसे तीन कामांसाठी धाडली. कॉलिन मॅकेन्झी याने नद्या, डोंगर, गावे आणि सरहद्दी यांचे नकाशे काढले व त्याबरोबर शिलालेख आणि हस्तलिखितेही गोळा केली. फ्रान्सिस ब्यूकॅनन या वैद्याने १८०० च्या एप्रिलमध्ये मद्रास सोडून १८०१ च्या जुलैपर्यंत पीकपाणी, धंदे आणि लोकस्थिती यांची पाहणी केली. लॅम्ब्टनची मागणी मात्र निराळी होती. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि पुढे उत्तर-दक्षिण असे त्रिकोणांचे जाळे विणावे. त्यायोगे इतर सर्व नकाशांना पक्के बिंदू मिळतील आणि पृथ्वीचा आकारही अधिक अचूक कळेल, असे त्याचे म्हणणे होते. मद्रासच्या कारभाऱ्यांपैकी एकाला यातले मर्म कळेना. श्रीरंगपट्टणला जावयाचे असेल तर पालखीच्या भोयांना तसे सांगितले की पुरे, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा त्याचा आक्षेप होता. वरवर पाहता हा आक्षेप खोटा नव्हता. भोयांना वाट ठाऊक होतीच. मात्र वाट ठाऊक असणे आणि अंतर ठाऊक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न त्या काळी केवळ पुस्तकी नव्हता. पृथ्वी फिरते, म्हणून ती ध्रुवांपाशी किंचित चपटी असली पाहिजे, असे न्यूटनने गणिताने दाखविले होते. फ्रेंच विद्वानांनी १७३० च्या दशकात एक तुकडी विषुववृत्ताजवळ दक्षिण अमेरिकेत आणि दुसरी उत्तरेस लॅपलँडमध्ये पाठवून ते पडताळून पाहिले. पृथ्वी चपटी असेल तर उत्तर-दक्षिण एका अंशाचे अंतर विषुववृत्ताजवळ थोडे कमी आणि ध्रुवाजवळ थोडे अधिक भरावयास हवे. तसेच ते भरले: विषुववृत्ताजवळ एक अंश पावणेएकोणसत्तर मैलांच्या आतबाहेर, तर ध्रुवाकडे साडेएकोणसत्तरच्या जवळपास. परंतु मधल्या प्रदेशांतले, त्यातही उष्ण कटिबंधातले, भरवशाचे आकडे फार थोडे होते. ती उणीव दक्षिण हिंदुस्थानातून भरून काढता येईल, हे लॅम्ब्टनने ओळखले.

आता या मोजणीची रीत पाहू. शाळेत भूमिती शिकलेल्या कोणालाही ती समजेल. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू न मोजता काढता येतात. म्हणून सपाट जमिनीवर एक रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची, हीच आधाररेषा. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे पाहून कोन मोजावयाचे. लगेच टेकडीपर्यंतची अंतरे मिळतात. ही अंतरे पुढच्या त्रिकोणाच्या बाजू होतात आणि त्यांवरून आणखी पुढच्या टेकड्या गाठता येतात. मधली नदी, अरण्य अथवा दरी साखळीने ओलांडावी लागत नाही. नजर ती ओलांडते. जमिनीवर खरोखर मोजावयाची रेषा मात्र पहिली एकच, आणि म्हणूनच तीत चूक राहिली तर ती शेकडो मैल पाठलाग करते.

ही पहिली रेषा मद्रासेजवळ सेंट थॉमस माउंट या टेकडीच्या पायथ्यापासून दक्षिणेस पेरुम्बाक्कमच्या टेकडीच्या दिशेने आखली गेली. माउंटवर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेले देवालय आहे आणि आजही तेथे यात्रेकरू पायऱ्या चढून जातात. १० एप्रिल १८०२ रोजी या टेकडीखाली मोजणीला प्रारंभ झाला. साखळी पोलादाची, शंभर फूट लांब आणि अडीच अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची होती. तिचा इतिहासही मौजेचा आहे. चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी लॉर्ड मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर जी शास्त्रीय उपकरणे नेली होती, त्यांतलीच ती एक. चिनी दरबाराला तिचे अप्रूप वाटले नाही म्हणून ती परत फिरली आणि कलकत्त्यात विकली गेली. बादशहाच्या नशिबी नसलेली साखळी मद्रासच्या मातीवर अंथरली गेली.

अंथरली गेली असे म्हणणे मात्र बरोबर नव्हे. लाकडी पेट्या तिवयांवर ठेवून, त्या एका ओळीत व एका पातळीत आणून, त्यांत ती ताणून ठेवावी लागे. वर तंबूची सावली आणि जवळ तापमापके. हे सगळे एप्रिल-मे महिन्यांच्या मद्रासी उन्हात! पोलाद उष्णतेने वाढते, हे सर्वांस ठाऊक आहे. शंभर फुटांच्या साखळीत फॅरनहाइटच्या एका अंशाने पडणारा फरक इंचाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असतो. परंतु ही रेषा साडेसात मैलांची होती आणि साखळी चारशे वेळा ठेवावयाची होती. चारशे वेळा एका अंशाची चूक झाली तर अखेर सुमारे तीन इंचांची तूट पडते. या तीन इंचांसाठी तो सगळा तंबूंचा आणि तापमापकांचा प्रपंच होता.

कोन मोजण्यासाठी लंडनच्या कॅरी नावाच्या कारागिराकडून मोठा थिओडोलाइट मागविला होता. छत्तीस इंच व्यासाचे त्याचे आडवे चक्र आणि सुमारे अर्ध्या टनाचे त्याचे वजन. ज्या जहाजातून तो येत होता ते फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. त्या वेळी इंग्रज आणि फ्रेंच यांचे हाडवैर. तरीही पेटीत शास्त्राचे उपकरण आहे असे कळताच तेथील फ्रेंच अधिकाऱ्यांनी ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. युद्धाच्या धुमाळीत अशी एखादी गोष्ट वाचली म्हणजे मनाला बरे वाटते.

मद्रासेहून त्रिकोणांची ओळ पश्चिमेकडे निघाली. पूर्व घाटाचे खडकाळ डोंगर, कोलारचे पठार, बंगळूर, मग म्हैसूरची राने आणि सह्याद्री उतरून मंगळूर. प्रत्येक टप्प्याला तोच क्रम: उंच जागा शोधावयाची, माथ्यावरील झाडे तोडावयाची, अर्ध्या टनाचे यंत्र तुकड्यातुकड्यांनी माणसांच्या खांद्यावरून वर न्यावयाचे, आणि दहा-वीस-तीस मैलांवरच्या दुसऱ्या टेकडीवर निशाण घेऊन बसलेल्या खलाशाची वाट पाहावयाची. कोनाचे माप सेकंदापर्यंत घेत. सेकंद म्हणजे एका अंशाचा छत्तिसशेवा भाग. तीस मैलांवर एका सेकंदाची चूक नऊ इंचांची होते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे ही माणसे दिवसदिवस एकाच निशाणाकडे का पाहत बसत ते कळते.

बंगळूरजवळ १८०४ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन याने दुसरी आधाररेषा मोजली. हिचा उद्देश नवे काही मिळवण्याचा नव्हता. पहिले खरे की खोटे हे पाहण्याचा होता. मद्रासच्या रेषेपासून त्रिकोणामागून त्रिकोण सोडवीत बंगळूरच्या रेषेची लांबी आधी कागदावर काढली होती. मग ती जमिनीवर साखळीने मोजली. सात मैलांहून अधिक लांबीच्या त्या रेषेत दोहोंतला फरक चार इंचांहूनही कमी निघाला. या एका आकड्यात त्या पद्धतीचे सगळे शील आहे. उत्तर काढून स्वस्थ बसावयाचे नाही. ते चुकले असेल तर आपोआप उघडे पडेल अशी योजना आपणच करून ठेवावयाची. पुढे कोइमतूरजवळ १८०६ मध्ये, तिन्नेवेल्लीजवळ १८०९ मध्ये, गुत्तीजवळ १८११ मध्ये आणि बीदरजवळ १८१५ मध्ये अशाच पडताळ्याच्या रेषा मोजल्या गेल्या.

पश्चिम किनारा गाठल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. जुन्या नकाशांवर मद्रास ते मंगळूर अंतर चारशे मैल दाखवीत. प्रत्यक्षात ते सुमारे तीनशे साठच भरले. नकाशांवरचा चाळीस मैल रुंदीचा एक पट्टा मुळात नव्हताच! पालखीचे भोई मात्र इतकी वर्षे तेवढेच चालत होते आणि त्यांचे पाय खोटे बोलत नव्हते. खोटे बोलत होता तो कागद.

यानंतर लॅम्ब्टन दक्षिणेकडे वळला. सुमारे ७८ व्या रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणारी त्रिकोणांची साखळी हे त्याचे मुख्य काम. हिलाच पुढे महाचाप असे नाव पडले. तंजावरच्या सपाट प्रदेशात मात्र अडचण आली. तेथे टेकड्या नाहीत, आणि भातशेतांच्या कडेने ताडामाडांच्या राया दृष्टी अडवतात. तेव्हा देवळांची उंच शिखरे हीच टेकड्या मानावी लागली. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर थिओडोलाइट चढविला जात असता दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटले. ज्या चक्रावर सेकंद वाचावयाचे ते चक्रच वाकडे झाले.

मराठी माणसाला हे ठिकाण परके नाही. तंजावरास त्या वेळी भोसल्यांची गादी होती आणि विद्येची आवड असलेले सरफोजी महाराज तिच्यावर होते. या अपघाताच्या पाचच वर्षे आधी, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास मराठीत त्याच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरला गेला होता. एका भिंतीवर घराण्याची स्मृती दगडात पक्की झाली आणि त्याच आवारात पृथ्वीचे माप घेणारे यंत्र मोडले. यंत्र निकामी झाले असे म्हणून कोणीही काम सोडले असते. लॅम्ब्टन तंबूत शिरला आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या यांच्या साहाय्याने त्याने ते चक्र केसाकेसाने ओढून गोल करण्यास आरंभ केला. या कामास सहा आठवडे लागले. दुरुस्त झालेले ते यंत्र पुढे कित्येक वर्षे वापरात राहिले.

या वाटेने जाताना ज्यांच्या नावाची पाटी कोठेही सापडत नाही, अशांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. निशाण धरणारे खलाशी, ओझी वाहणारे हमाल, झाडे तोडणारे गावकरी आणि वाट दाखवणारे वाटाडे यांची संख्या नेहमीच शेकड्यांनी असे. त्यांच्या खालोखाल होते ते मद्रासच्या सर्वेक्षण शाळेतून निघालेले तरुण. ही शाळा १७९४ मध्ये स्थापन झाली. तेथे अनाथ मुलांना मोजणीचे शिक्षण देत. युरोपीय बाप आणि हिंदी आई यांची ही मुले. दोन्हीकडच्या समाजाने बाजूला ठेवलेली. त्यांतला जोशुआ डी पेनिंग वर्षानुवर्षे लॅम्ब्टनचा उजवा हात होता आणि पुढे कलकत्त्याच्या कचेरीत आकडेमोडीचा प्रमुख झाला. विद्या मिळाली म्हणजे कोणाचे मूल कोठवर जाऊ शकते, याचे हे उदाहरण शिक्षकवर्गाने लक्षात ठेवावे.

गावकऱ्यांना ही मंडळी आवडत असत असे नव्हे. सैन्याचे तंबू, परक्यांचे निशाण आणि डोंगरमाथ्यावर वळवलेली दुर्बीण पाहून संशय येणे स्वाभाविक होते. देवळाच्या शिखरावरून हे लोक घरांच्या अंगणात डोकावतात, दुर्बिणीतून बायकांना पाहतात, अशा तक्रारी मोजणीच्या इतिहासात वारंवार भेटतात. आणि त्यांचा संशय अगदीच निराधार तरी कसा म्हणावा? ज्या देशाचे माप घेतले जाते त्याचा धनी बदलत असतो. १ जानेवारी १८१८ पासून ही मोजणी मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेली व तिला हिंदुस्थानचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण असे भारदस्त नाव मिळाले. त्याच वर्षी पेशवाई बुडाली आणि त्याच सुमारास धारवाड इंग्रजांच्या हाती गेले. शास्त्र आणि सत्ता ही दोन्ही एकाच तंबूत राहत होती. यांपैकी एकालाच पाहणे म्हणजे अर्धे सत्य पाहणे होय.

या कामाची खरी किंमत मात्र माणसांनी दिली. पावसाने धुतलेल्या हवेत दूरचे स्पष्ट दिसते, म्हणून निरीक्षणे पावसाळ्यात होत. आणि पावसाळ्यातच रानात ताप असे. लॅम्ब्टनच्या हाताखाली नव्याने आलेला जॉर्ज एव्हरेस्ट १८१९ मध्ये कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या अरण्यात गेला. तेथे त्याच्या तुकडीतील सुमारे दीडशे माणसे तापाने आडवी झाली. त्यांना आणण्यासाठी हैदराबादेहून हत्ती आणि डोल्या पाठवाव्या लागल्या. तरी पंधरा जण दगावले. जगातील सर्वोच्च शिखराला ज्याचे नाव मिळाले तो मनुष्य त्यातून वाचला. त्या पंधरांची नावे मात्र कोणत्याही नकाशावर नाहीत.

कन्याकुमारीजवळून बीदरच्या परिसरातील दामरगिद्द्यापर्यंतचा सुमारे दहा अंशांचा चाप १८१५ पर्यंत पुरा झाला होता. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ एवढा लांब चाप तोवर कोणी मोजला नव्हता. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने लॅम्ब्टनला सदस्यत्व दिले. मोजलेले क्षेत्र एक लक्ष पासष्ट हजार चौरस मैलांच्या घरात गेले. या मोजणीत एक कोडेही हाती लागले. काही ठिकाणी ओळंबा सरळ खाली न लोंबता किंचित कलतो, असे आकड्यांवरून दिसू लागले. जमिनीखालचे जड खडक त्याला आपल्याकडे ओढीत असावेत, असे अनुमान लॅम्ब्टनने केले. गवंड्याच्या हातातला ओळंबासुद्धा सर्वत्र सारखा प्रामाणिक नसतो, हा धडा पुढे भूगर्भशास्त्राला मोलाचा ठरला.

सत्तरीच्या घरातला लॅम्ब्टन खोकल्याने आणि छातीच्या दुखण्याने खंगला होता. तरी मुक्काम नागपूरकडे हलवावा म्हणून तो हैदराबादेहून निघाला. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. कन्याकुमारीपासून तेथवर साडेबारा अंश होतात. म्हणजे साडेआठशेहून अधिक मैल.

एव्हरेस्टने हे काम पुढे १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याला नेले. त्याच जाळ्यावरून घेतलेल्या निरीक्षणांच्या आधारे पंधराव्या क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच आहे, हे १८५२ च्या सुमारास कळले. या आकडेमोडीत राधानाथ शिकदार या बंगाली गणितज्ञाचे नाव आदराने घेतले जाते. लॅम्ब्टनचे त्रिकोण मात्र टिकले नाहीत. एव्हरेस्टने नवी, अधिक सूक्ष्म साधने आणली आणि बीदरच्या उत्तरेकडचे काम पुन्हा केले. कन्याकुमारीकडचा भागही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने मोजला गेला. परंतु १८३० मध्ये एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे काढले, त्यांत लॅम्ब्टनचा चाप होता. आणि त्या आकड्यांवर हिंदुस्थानचे नकाशे पुढे पावणेदोनशे वर्षे उभे राहिले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने उपग्रहांच्या युगातील जागतिक माप स्वीकारले, तेव्हा कोठे त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली.

बेलूरच्या तेहतीस फुटी साखळीचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. महाचाप बेलूरच्या सुमारे तीन अंश पूर्वेकडून, म्हणजे दोनशे मैलांवरून जातो. बेलूरच्या शेतकऱ्याने लॅम्ब्टनचे निशाण पाहिले असण्याचा संभव नाही. त्याच्या बांधावर मोजणीदार आले ते पुढच्या पिढीत. इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात बसविलेली पद्धत १८४० नंतर धारवाडसह दक्षिण महाराष्ट्रात आली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पक्की झाली. शेताला क्रमांक, बांधाला खुणेचे दगड, मातीला प्रत आणि तीस वर्षांसाठी ठरलेला सारा. आधीच्या मोजणीत सारा अवाच्या सवा बसून पुणे जिल्ह्यात गावे ओस पडली होती. तेव्हा मोजणीतली चूक ही इंचांची गोष्ट राहत नाही. ती कुणाच्या तरी चुलीपर्यंत जाते. लॅम्ब्टनच्या तीन इंचांचा आग्रह कशासाठी होता, हे विद्वानांपेक्षा शेतकऱ्याला अधिक लवकर उमगेल. २४ एप्रिल २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेखाली गावठाणांची मोजणी ड्रोनद्वारे सुरू झाली. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये तिच्या पहिल्या तुकडीत होती. साखळी गेली, खांद्यावरचे यंत्र गेले. माप खरे असावे आणि ते पडताळून पाहता यावे, ही जुनी अपेक्षा मात्र अजून तीच आहे.

युरोपात स्ट्रूव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत असाच एक चाप मोजला. दहा देशांतून जाणाऱ्या त्या चापाच्या चौतीस खुणा निवडून २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नोंदविल्या गेल्या. आपल्याकडे त्याहून आधी सुरू झालेल्या कामाच्या खुणा दक्षिणेच्या टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर आणि शेतांच्या कडेला विखुरल्या आहेत. त्यांतील शेवटची खूण पाहण्यासाठी मराठी माणसाला फार दूर जावयास नको. नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी हिंगणघाटला थांबते. वणा नदीकाठच्या या कापसाच्या गावात लॅम्ब्टनची कबर आहे. एखाद्या शाळेने भूगोलाच्या तासाला आपली मुले तेथे न्यावीत, आणि जाताना बरोबर एक दोरी व एक कोनमापक घ्यावा. शंभर फूट मोजून, दोन कोन घेऊन, समोरच्या झाडाचे अंतर मुलांनी आधी वहीत काढावे. मग चालत जाऊन मोजावे. दोन आकड्यांत जो फरक निघेल, तो त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावा.